सगळं काकांच्या चकतीत उघडायचं

डिस्पॅचच्या केबिनमध्ये जपून ठेवायचं म्हणून कुणी काही ठेवत नाही. वाळलेले शिक्के, मोडका स्टेपलर, टेपची संपलेली रिळं आपोआप साठत जातात आणि एक दिवस ड्रॉवर उघडेनासा होतो. किस्स्यांचंही तसंच झालंय. परवा चहाच्या वेळी मी आणि मुजावर एकेक आठवायला बसलो, तर चहा गार झाला आणि गेटवर गाडीवाला हॉर्न वाजवत राहिला. आपण हसत होतो, असं मुजावर म्हणतो. मला काही तसं आठवत नाही.

आधी आमचं ठिकाण सांगते. पिरंगुटला पुठ्ठ्याचे खोके करणारा एक लहानसा कारखाना. त्याच्या गेटाला चिकटून आमची केबिन. माणसं तीन. मी शुभांगी, कोथरूडहून बसने येणारी, ऑर्डरी बघते. यासीन मुजावर पौडचा, बिलं करतो. आणि ढमाले काका, माण गावचे, गाड्या भरून रवाना करण्याचं सगळं त्यांच्याकडे. काकांची जमीन आयटी पार्कात गेली. उरलेल्या जागेवर त्यांनी खोल्या बांधल्या आणि त्या कंपन्यांतल्या पोरांना भाड्याने दिल्या. नोकरीची गरज अशी नव्हती. मी एकदा विचारलंच, "काका, मग रोज येता कशाला?"

"खोल्यांचं भाडं येतंय ताई," ते म्हणाले. "पन भाडं कदी इचारत न्हाई, आज उशीर का झाला म्हनून."

* * *

माणसं तीन आणि कॉम्प्युटर एक. त्यामुळे सुरुवातीला रोज भांडण व्हायचं. मी माझ्या अकाउंटात काहीतरी अर्धवट भरून चहाला जावं आणि मुजावरने ते बंद करून स्वतःचं उघडावं. कॉम्प्युटर दुरुस्तीला बाणेरहून प्रसाद येतो. तो म्हणाला, तिघांची तीन वेगळी लॉगिनं करून देतो. काकांना ते पटलं नाही. एका घरात तीन चुली कशाला, म्हणाले.

मग त्यांनीच तोडगा काढला. इंटरनेट उघडायचे तीन ब्राउझर त्या मशीनवर होतेच, ते तिघांत वाटून टाकले. रंगीत गोल चकती काकांची, शेपूट गुंडाळलेला कोल्हा माझा आणि निळी लाट मुजावरची. ज्याने त्याने आपापल्यात आपलं अकाउंट उघडून ठेवायचं, दुसऱ्याच्यात शिरायचं नाही. प्रसादने कपाळाला हात लावला, पण वाटणी आम्हाला मानवली.

घोळ एकच झाला. मेल तिघांचीही एकाच खिडकीत यायची, कंपनीची आणि आपापली घरचीही. गाड्यांचे कागदही मेलमधल्या लिंकवरच यायचे. आणि मेलमधल्या कुठल्याही लिंकवर कुणीही क्लिक केलं तरी ती उघडायची काकांच्या चकतीत. प्रसादने कारण शोधलं. चकती उघडली की ती विचारते, यापुढे सगळ्या लिंका माझ्यातच उघडू का? काकांनी दर वेळी 'हो' दाबलेलं.

"काका, नाही म्हणायचं ना!"

"एवढं अदबीनं इचारतंय," काका म्हणाले, "तोंडावर न्हाई कसं म्हनायचं?"

* * *

एका ट्रान्सपोर्टवाल्याने आमचा माल दोन वेळा भिजवून पोचवला. वर त्यांच्याच कंपनीची मेल आली, आमची सेवा कशी वाटली ते सांगा. मी तापलेलेच होते. लिंक उघडली आणि मनात होतं ते सगळं लिहून पाठवलं. ताडपत्रीपासून ड्रायव्हरच्या बोलण्यापर्यंत काही सोडलं नाही. पाठवल्यावर लक्षात आलं की वर कोपऱ्यात नाव ढमाले काकांचं आहे.

दोन-तीन दिवसांनी त्या कंपनीचा साहेब स्वतः केबिनमध्ये हजर. हातात पेढ्यांचा बॉक्स. काकांसमोर हात जोडून म्हणाला, "ढमाले साहेब, तुमच्यासारख्या शांत माणसाला एवढं लिहावं लागलं, म्हणजे चूक आमचीच." काकांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. गंभीर चेहऱ्याने मान हलवली, यापुढे काळजी घ्या म्हणाले, त्याला चहा पाजला आणि गेटपर्यंत सोडून आले. मग बॉक्स उघडून पहिला पेढा स्वतःच्या तोंडात टाकला आणि बॉक्स माझ्यापुढे धरला.

"राग तुमचा," म्हणाले, "नाव माझं. निम्मे निम्मे."

पेढा गिळताना त्यांना ठसका लागला. तेव्हा आम्ही त्यावरही हसलो.

* * *

त्या हिवाळ्यात काकांचा आवाज बसला. पुठ्ठ्याची धूळ, म्हणायचे. हळद-दूध झालं, काढा झाला, आवाज काही सुटेना. गाडीवाल्यांना हाक मारायची तर ते मुजावरला पुढे करायला लागले. शेवटी काकूंनी जबरदस्तीने पुण्याला तपासायला नेलं.

एका सकाळी मेल आली. वर नुसतं 'रिपोर्ट' लिहिलेलं. माल पोचल्याचे रिपोर्टही असेच येतात, म्हणून मी क्लिक केलं. चकती उघडली आणि तीत काकांचं नाव, काकांचं वय आणि खाली बारीक इंग्रजी. काका माझ्या खुर्चीमागेच उभे होते.

"वाचा ताई."

"काका, हे तुमच्या डॉक्टरांनाच विचारू ना."

"वाचा. हाय तसं विंग्रजीतच वाचा."

मी वाचलं. त्यात एक शब्द होता. तो शब्द आता कुणाला मराठीत सांगावा लागत नाही. काका खिडकीतून गेटाकडे बघत राहिले, आणि मग म्हणाले, "बंद करा ते. सासवडची गाडी भरली का बघा."

गाडी कधीच भरून झाली होती. पावतीही त्यांनीच फाडली होती.

* * *

ऑपरेशन ठरलं, त्यानंतर लाइट, म्हणजे रेडिएशन, घेणं ठरलं. काका रजेवर जाणार त्या दिवशी मालक केबिनमध्ये आले. काही लागलं तर सांगा, म्हणाले. काकांनी बसल्या आवाजात एकच गोष्ट मागितली.

"माझ्या जागी मानूस नका घिऊ. मी येतुया परत."

मालकांनी शब्द दिला. मुजावरने काकांची खुर्ची भिंतीकडे सरकवली आणि तिच्यावर कुणी बसू नये म्हणून पावतीपुस्तकांचा गठ्ठा ठेवला. काकांनी तो उचलून खाली ठेवला. "खुर्ची मोकळी दिसू द्या," म्हणाले.

काका रजेवर गेल्यावर आमची पंचाईत झाली. लिंका अजूनही त्यांच्याच चकतीत उघडत होत्या. काका होते तेव्हा ते निदान बाजूला बसून "ताई, तुमचं आलंय" म्हणायचे. आता दर वेळी लिंक कॉपी करा, माझ्या कोल्ह्यात नाहीतर मुजावरच्या लाटेत नेऊन टाका. गाड्यांची गर्दी असली की वैताग यायचा. मी मालकांना सांगून प्रसादला बोलावून घेतलं.

तो यायच्या आदल्या दिवशी दुपारी काकांचा फोन आला. आवाज म्हणजे नुसती खरखर. "रांजनगावच्या गाडीचा कागद तीनदा उगडला तुमी. काय अडलंय का?"

"काका, तुम्हाला कसं कळलं?"

"हितं दिसतंय की फोनवर."

मुजावरने डोकं चालवलं तेव्हा उलगडा झाला. काकांच्या फोनवरही तीच चकती होती आणि अकाउंटही तेच. इथे चकतीत जे पान उघडेल, ते तिकडे त्यांच्या फोनवर दिसायचं. माणला खाटेवर पडल्या पडल्या काका रोज आमच्या गाड्या मोजत होते.

दुसऱ्या दिवशी प्रसाद आला. खुर्ची ओढून बसला. "एक मिनिटाचं काम आहे मॅडम. डिफॉल्ट बदलतो, लिंका तुमच्या कोल्ह्यात उघडतील."

"नको," मुजावर म्हणाला.

"अहो, तुम्हीच कम्प्लेंट केलीत ना? सगळं चुकीच्या ठिकाणी उघडतंय."

"उघडू दे," मुजावर म्हणाला. "तू चहा घेणार का?"

* * *

याचा एक जाच होताच. काकांना फक्त गाड्या दिसत नव्हत्या, सगळंच दिसत होतं. मुजावरची आई त्याच्यासाठी स्थळं बघत होती आणि लग्न जमवणाऱ्यांच्या मेल त्याला इथेच यायच्या. त्याने एका मुलीची माहिती उघडली. फोटो बघितला, नको म्हणून बंद केली आणि न राहवून पुन्हा उघडली.

संध्याकाळी काकांचा फोन मुजावरला. "ती मंचरची पोरगी दोनदा बगितलीस."

मुजावर लाल झाला. "काका, ते असंच."

"म्याबी बगितली. हसतीया. फोटो काडताना पोरी दबून बसत्यात, ही हसतीया. जाऊन ये एकदा."

मुजावर जाऊन आला. पुढे त्याचं लग्न त्याच मुलीशी झालं. काकांना तेव्हा उठवत नव्हतं. लग्नानंतर तो तिला घेऊन माणला गेला. काकांनी तिच्याकडे बघितलं, मग मुजावरकडे बघितलं आणि आपल्या फोनवर बोटाने टकटक केलं. हिला मी तुझ्याआधी पसंत केली, असं. मुजावर हा किस्सा सांगतो तेव्हा इथपर्यंत सांगतो आणि उठून गेटाकडे जातो.

* * *

माझंही बिंग असंच फुटलं. माणच्या बाजूच्या एका मोठ्या कंपनीत मी अर्ज केला होता. एसी ऑफिस, घरून न्यायला गाडी. इंटरव्ह्यूची मेल आली आणि सवयीने क्लिक करून बसले. पान चकतीत उघडलं. पटकन बंद केलं, पण पटकन बंद केलेलंही तिकडे दिसतं.

तोवर काकांचा आवाज पुरता गेला होता. फोनवर काकू बोलायच्या. काका खुणा करायचे, ओठ हलवायचे आणि काकू ते मोठ्याने सांगायच्या. काकूंना लिहिता-वाचता येत नाही, पण नवऱ्याचे ओठ त्यांना बरोबर वाचता यायचे.

"ताई, हे इचारत्यात, तुमी दुसरीकडं चाललासा का?"

"नाही हो काकू. नुसतं बघत होते. सांगा त्यांना."

मग काकू म्हणाल्या, "हे म्हनत्यात, जावा. चांगलं हाय ते, आमच्या घरावरनंच गाडी जाती. पन मी आल्यावर जावा. मला आल्यावर केबिन मोकळी नको."

मी इंटरव्ह्यूला गेले नाही. लोक म्हणतात चूक केलीस. असेलही. पण त्या दिवशी फोन ठेवल्यावर मी खूप रडले आणि त्यानंतर मला तिकडे जावंसं वाटलं नाही, एवढंच खरं आहे.

* * *

दिवाळीनंतर काम मंदावलं. एखाद्या दिवशी गाडीच लागायची नाही. काकांना फोनवर काहीच दिसणार नाही, या विचाराने मुजावर बेचैन व्हायचा. मग त्याने युक्ती काढली. जुन्या गाड्यांच्या मेल शोधायच्या आणि थोड्या थोड्या वेळाने एकेक लिंक उघडायची. मीही त्याला सामील झाले. एकदा दुसरं काही सापडेना म्हणून आम्ही दिवसभर भोसरीच्या एकाच गाडीचा कागद उघडत बसलो.

दुसऱ्या दिवशी काकूंचा फोन. "हे लई चिडल्यात. म्हनत्यात, भोसरीची गाडी म्या सोताच्या हातानं मागल्या साली रवाना केली. ती काल दिवसभर कुटं फिरत हुती, ते इचार त्यांना."

मी फोन स्पीकरवर टाकला होता. पलीकडून घशातून येणारा एक बारीक आवाज ऐकू येत होता. मी घाबरून विचारलं, "काकू, काकांना त्रास होतोय का?"

"न्हाई वो," काकू म्हणाल्या. "हसत्यात."

* * *

काका उन्हाळा लागता लागता गेले. मालकांनी शब्द शेवटपर्यंत पाळला, त्यांच्या जागी कुणाला घेतलं नाही. पण काका काही आले नाहीत.

आम्ही सगळे माणला गेलो. तिथे आता गाव कुठे संपतं आणि कंपन्या कुठे सुरू होतात ते कळत नाही. काकांच्या अंगणात खोल्यांमधली भाडेकरू पोरं गळ्यातली ओळखपत्रं न काढताच उभी होती. त्यांतला एक माझ्याजवळ आला. कुठला तरी लांबचा होता, हिंदीत बोलला. "आप पिरंगुट ऑफिस से? अंकल रोज शाम को मुझे मोबाइल दिखाते थे। आज देखो, कितनी गाड़ियाँ निकलीं।"

मी मान हलवली. आत काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "यायचं म्हनत हुते वो ताई. डबा धुऊन ठिवायला लावला हुता." मग आम्ही दोघी रडलो.

काकांचे दिवस झाल्यावर मालकांनी नवा माणूस बघायला घेतला. तो यायच्या आधी कॉम्प्युटर नीट करून ठेवा म्हणाले. प्रसाद आला. या वेळी मुजावरने त्याला अडवलं नाही.

"काकांचं अकाउंट काढून टाकू का?" प्रसादने हळूच विचारलं.

"ते असू दे," मी म्हणाले. "फक्त लिंका तेवढ्या बघ."

त्याने सेटिंग उघडलं आणि चकतीच्या जागी कोल्हा निवडला. खरंच एका मिनिटाचं काम होतं. मग म्हणाला, एखादी लिंक उघडून बघा. मी मेलमधल्या एका गाडीच्या कागदावर क्लिक केलं. तो सरळ माझ्या कोल्ह्यात उघडला, माझ्या नावाने. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझं जागच्या जागी उघडत होतं. मुजावर बाहेर जाऊन उभा राहिला.

* * *

दुसऱ्या दिवशी सकाळपासून गाड्यांची रांग लागली होती. कामाला वेग आला होता. कॉपी नको, पेस्ट नको. दुपारी जेवायला बसणार तेवढ्यात माझा फोन वाजला. स्क्रीनवर नाव 'ढमाले काका'. मी मुजावरला दाखवलं आणि स्पीकर लावला.

"ताई," काकू होत्या. "आज हाफिसला सुट्टी हाय का?"

"नाही काकू. चालू आहे की. काय झालं?"

"न्हाई, काय न्हाई. ह्यांच्या फोनवर सकाळधरनं एक बी गाडी दिसंना. रोज दिसत्यात. मी सकाळी चार्जिंगला लावती आन बगत बसती. मला वाचता येत न्हाई, पन खाली नवं आलं की कळतंय. काल सांजच्यापासनं काय बी न्हाई. म्हनलं, काय झालं आसंल..."

मुजावरने हातातला घास डब्यात ठेवला, हात पुसले आणि कॉम्प्युटरसमोर बसला. सेटिंग शोधायला त्याला वेळ लागला. त्याने चकती निवडली आणि मेलमध्ये जाऊन बाहेर उभ्या असलेल्या चाकणच्या गाडीचा कागद उघडला.

"काकू," मी म्हणाले, "फोन ठेवू नका. जरा बघा बरं आता."

पलीकडे लांबवर कुणाच्या तरी खोलीत नळ चालू होता. मग काकूंचा आवाज आला.

"आली," त्या म्हणाल्या. "आली बगा ताई. बरं, ठिवती मग. म्या अजून भाकरी टाकल्या न्हाईत."